एका सामन्याचा हंगाम

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लाखांदूर तालुक्यात दिघोरी (मोठी) आहे. सगळा धानाचा मुलूख. दिवाळी झाली की इकडे गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा कबड्डीचे सामने, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक. फुटबॉलला या गर्दीत जागा मिळते ती कॉलेजमुळे. बारावीनंतर इथली मुलं लाखांदूर, साकोली, पवनी किंवा भंडाऱ्याला शिकायला जातात आणि अकरा खेळाडूंच्या पुऱ्या मैदानाशी अनेकांची पहिली ओळख तिथेच होते. प्रश्न एवढाच, की ही ओळख किती काळ टिकते?

भंडारा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतो. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही पहिली पायरी. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि विभागातल्या अव्वल संघांना अखिल भारतीय फेरीचं दार उघडतं. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचीही त्यात भर पडली आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा मात्र २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठात गेलं. त्यामुळे एकाच गावातले दोन दोस्त, एक साकोलीला आणि एक वडशाला शिकत असेल, तर दोन विद्यापीठांचे प्रतिस्पर्धी ठरतात.

शिडी कागदावर उत्तम आहे. अडचण पहिल्याच पायरीवर येते. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. १६ संघ उतरले तर १५ सामन्यांत विजेता ठरतो, आयोजकांचा खर्च आटोपशीर राहतो. पण १६ पैकी ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. म्हणजे निम्म्या कॉलेजांचा वर्षाचा हंगाम ९० मिनिटांचा. पात्रतेचा अर्ज, प्रवेशाची पावती, बारावीची गुणपत्रिका, आधार कार्ड अशी कागदपत्रं गोळा करायला याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या सामन्यात बचावपटू कुठे चुकला हे कळतं, पण ते सुधारून दाखवायला दुसरा सामनाच नसतो.

त्यात शेतीचं वेळापत्रक आडवं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. घरी माणूसबळ कमी असलं की पोरगा बांधीत उतरतो, पोरगीही रोवायला जाते. मैदानावर तेव्हा चिखल असतो, चेंडू घरंगळायचं सोडून जागीच रुततो. पाऊस सरता सरता स्पर्धांची पत्रकं येतात आणि त्याच सुमारास हलका धान कापणीला येतो. पाठोपाठ हिवाळी सत्राची परीक्षा. डिसेंबरात मैदान कडक होतं, धान घरात येतो, हात मोकळे होतात, पण तोवर कॉलेजचा फुटबॉल संपलेला असतो.

जिथे फुटबॉल रुजला तिथे काय वेगळं झालं? नागपूरजवळच्या कामठीतल्या रब्बानीसारख्या क्लबचं नाव आज नागपूरच्या लीगमध्ये दबदब्याने घेतलं जातं. तिथला मुलगा कॉलेजच्या स्पर्धेत हरला तरी क्लबकडून खेळत राहतो. कोल्हापुरात १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमी-मंडळांनी फुटबॉल पेठेच्या इभ्रतीचा केला. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये बारसे यांच्या कामावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला. तिन्ही ठिकाणी पैसा, मैदानं, माणसं वेगवेगळी. सारखी गोष्ट एकच, मुलांना वारंवार खेळायला मिळालं. 

याउलट १५ सप्टेंबर २०१७ या एका दिवशी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या उपक्रमात राज्यभर शाळा-शाळांतून फुटबॉल खेळला गेला. पुढच्याच महिन्यात १७ वर्षांखालील विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईत झाले आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या वर्षी पाचवीत असलेली मुलं आज कॉलेजात आहेत. एका दिवसाच्या उत्साहाला त्यांनी दाद दिली. आता त्यांना सलग दोन-तीन महिने खेळू द्यायला हवं.

उपाय खर्चिक नाही. भंडारा-गोंदियातल्या आठ कॉलेजांनी एकत्र यावं आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, धान घरात आल्यावर, रविवारची साखळी स्पर्धा घ्यावी. २८ सामने होतील, प्रत्येक संघाला ७ मिळतील. मैदानं त्या दिवसांत कोरडी असतात. मुलींसाठीही अशीच साखळी हवी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, तेव्हा प्रवासाचा भारही हलका झाला आहे. कॉलेजं विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क घेतातच, त्यातला थोडा भाग पंच, चेंडू आणि चुन्याच्या रेषांवर जावा. विद्यापीठाने या साखळीतली कामगिरी निवड चाचणीत धरली तर मुलं आपणहून येतील. दिघोरीच्या पोराला स्टेडियम नंतर द्या. आधी त्याला दुसरा सामना द्या.