कुलूपबंद दारे आणि बंद व्हॉल्व्ह : कारखान्यांतील अग्निसुरक्षेविषयीचे गैरसमज

कारखान्याच्या अग्निसुरक्षेची चर्चा बहुतेक वेळा साहित्याच्या यादीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. भिंतीवर फायर एक्स्टिंग्विशर टांगलेले आहेत, आवारात हायड्रंटची लाइन फिरवलेली आहे, छताला धूरशोधक बसवलेले आहेत आणि फाइलमध्ये नाहरकत दाखला आहे, एवढ्यावर व्यवस्थापन निर्धास्त होते. मात्र यांपैकी प्रत्येक साधन काही अटींवरच काम करते, आणि उत्पादनाच्या रेट्यात नेमक्या त्याच अटी मोडल्या जातात.

सर्वांत रुजलेला गैरसमज स्प्रिंकलरविषयी, म्हणजे छताजवळच्या पाइपांना बसवलेल्या स्वयंचलित फवाऱ्यांविषयी आहे. कोपऱ्यात थोडा धूर झाला की सगळे फवारे एकदम उडून लाखोंचा माल भिजवतात, असे चित्रपटांनी लोकांच्या मनावर बिंबवले आहे. प्रत्यक्षात सर्वसाधारण स्प्रिंकलरला धुराशी काही देणेघेणे नसते. त्याच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची बारीक कुपी असते, तापमान वाढताच आतील द्रव प्रसरण पावतो, कुपी फुटते आणि फक्त त्याच फवाऱ्यातून पाणी सुटते. लाल रंगाची कुपी 68 अंश सेल्सिअसला, तर हिरवी 93 अंशांना फुटते. ट्रान्सफॉर्मर किंवा तेलाच्या टाक्या यांसाठी सर्व तोंडे उघडी असलेली वेगळी यंत्रणा असते, पण तो अपवाद होय. एका स्प्रिंकलरमधून मिनिटाला साधारण 60 ते 100 लिटर पाणी पडते. आग हाताबाहेर गेल्यावर अग्निशमन दलाला याच्या कित्येक पट पाणी मारावे लागते, त्यामुळे माल भिजेल या भीतीने स्प्रिंकलर टाळणे हा हिशेबही चुकीचाच ठरतो. माल रचताना तो फवाऱ्याला भिडेल इतका उंच रचला, तर मात्र पाणी पसरायला जागाच उरत नाही आणि चांगली यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

हायड्रंट आहे म्हणजे पाणी आहे, ही समजूत पंपहाउसमध्ये गेल्यावर तपासता येते. तिथे सहसा तीन पंप असतात. लाइनमधील किरकोळ गळतीने घटलेला दाब भरून काढणारा छोटा जॉकी पंप, दाब एकदम घसरला की आपोआप सुरू होणारा विजेवरचा मुख्य पंप, आणि आगीत वीज तोडावी लागली तरी चालू शकणारा डिझेल पंप, अशी ही उतरंड असते. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून किंवा जमिनीखालच्या जोडातून गळती वाढली की जॉकी पंप दर काही मिनिटांनी सुरू होतो, त्याचा त्रास नको म्हणून कोणीतरी पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर आणतो, आणि दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह उघडायचा राहून जातो. डिझेल इंजिनची बॅटरी उतरलेली असते, दाबमापकाचा काटा शून्यावर असतो, आणि बाहेर लाल रंगाने रंगवलेले हायड्रंट मात्र दिमाखात उभे असतात.

हातात धरायच्या फायर एक्स्टिंग्विशरवर ठेवलेला भरवसाही असाच फाजील असतो. सहा किलो पावडरचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामा होतो, म्हणजे तो केवळ नुकत्याच लागलेल्या आगीसाठी आहे. शिवाय जळत्या तेलावर पाणी मारल्यास जड पाणी तेलाखाली जाते आणि त्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते, हे कामगारांना सांगितलेले नसते. विद्युत पॅनेलच्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइड सोडणारी यंत्रणा असेल, तर आग विझवण्यासाठी हवेत या वायूचे प्रमाण किमान 34 टक्क्यांपर्यंत न्यावे लागते, आणि याच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या प्रमाणातही माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून वायू सुटण्यापूर्वी भोंगा वाजणे आणि खोली रिकामी होणे अनिवार्य असते.

सुरक्षा म्हणजे चोरीपासून राखण, हा समज मात्र सर्वांत घातक ठरला आहे. न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या 25 मार्च 1911 च्या आगीत 146 कामगार मरण पावले. माल चोरीला जाऊ नये म्हणून तिथे जिन्याचे एक दार कुलूपबंद ठेवले होते. शंभर वर्षांनंतर, सप्टेंबर 2012 मध्ये, कराचीतील कपड्यांच्या कारखान्यात बंद दारे आणि गजांच्या खिडक्या यांमुळे अडीचशेहून अधिक माणसे गेली. दिल्लीच्या अनाज मंडीत डिसेंबर 2019 मध्ये 43 जण दगावले, त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून. ज्वाळेपेक्षा धूर आधी मारतो, कारण त्यातील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. चोरीचा प्रश्न खराच आहे, पण त्याचा उपाय कुलूप नव्हे. आतून नुसता दांडा ढकलताच उघडणारे व उघडताच भोंगा वाजवणारे दार, तसेच आगीचा इशारा मिळताच किंवा वीज जाताच आपोआप सुटणारे विद्युतचुंबकीय कुलूप, या दोन्ही गोष्टी सहज उपलब्ध आहेत.

रसायनांचे कारखाने धोक्याचे आणि खाद्यपदार्थांचे निर्धोक, हा समज साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने तरी टाकून द्यावा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एका साखर शुद्धीकरण कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन 14 कामगार मृत्युमुखी पडले. सायलोखालच्या कन्व्हेयरवर पत्र्याचे आच्छादन नव्याने घातले होते, त्यामुळे आतील धूळ बाहेर न जाता साचत गेली आणि तिथेच पहिला स्फोट झाला. या धक्क्याने तुळयांवर आणि फरशीवर साठलेली धूळ हवेत उसळून पेटली आणि खरा विध्वंस त्या मालिकेने केला. पिठी, स्टार्च, हळद, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियमची पूड या सर्वांना हाच नियम लागू आहे. ही धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे म्हणजे स्फोटाची सामग्री हवेत पसरवणे होय. ती व्हॅक्यूमनेच काढली पाहिजे, आणि ते व्हॅक्यूमही ठिणगी न पाडणारे हवे.

राहिला प्रश्न कायद्याचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते, त्यामुळे एकदा मिळालेल्या नाहरकत दाखल्यावर काम भागते हे म्हणणे खोटे आहे. हे प्रमाणपत्रही वर्षातून दोन दिवसांचेच असते; दर आठवड्याला पंप चालवून पाहणे, काटा वाचणे आणि बाहेरची दारे ढकलून बघणे ही कामे कारखान्याची स्वतःची आहेत, आणि यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर नव्हे, तर मालकावर किंवा भोगवटादारावर टाकलेली आहे.