चाळिशी लागली? आधी डोळे दाखवा, मग चष्मा घ्या

 आज आपण चष्म्याविषयी बोलणार आहोत. चष्मा कधी लागतो, तो घेताना काय बघायचं आणि नजर बदलत जाते तेव्हा रोजची कामं कशी निभवायची, हा आजचा विषय.

आपल्या मराठीत जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. वयाची चाळिशी आणि नाकावरची चाळिशी, दोन्हींना एकच शब्द. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं की चाळीसच्या पुढेमागे हे सगळ्यांना होतंच. तरीपण बाई चष्मा लावायला लाजते. "आत्ताच म्हातारी झालीस का?" असं कुणी म्हटलं की चष्मा पेटीत जातो.

खुणा सगळ्यांच्या सारख्याच असतात. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागते. सुपातल्या तांदळातला खडा दिसत नाही, तो दाताखालीच सापडतो. मोबाईल लांब धरला की अक्षर दिसतं, जवळ आणला की पुसट होतं. गटाच्या वहीत १ चा ९ वाचला जातो. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं.

असं का होतं?

डोळ्यातल्या काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगीर होतं, लांबचं बघताना चपटं होतं. लहानपणी ते मऊ असतं, म्हणून हे काम झटकन होतं. वय वाढतं तसं ते कडक होत जातं आणि चाळिशीच्या सुमारास जवळच्या कामासाठी पुरेसं फुगत नाही. मग आपण वस्तू लांब धरतो. पुढे पुढे हातही पुरत नाही.

शिवणकाम जास्त केलं, बाळंतपणात नीट खाल्लं नाही, टीव्ही पाहिला, यातल्या कशानेही चाळिशी लागत नाही. गाजर, हिरव्या भाज्या जरूर खाव्यात, पण त्यांनी लागलेली चाळिशी जात नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हीही समजूत खोटी आहे. चष्मा लावा किंवा लावू नका, साधारण साठीपर्यंत हा नंबर हळूहळू वाढतच असतो. चष्मा न लावता ती वर्षं काढली तर काम तेवढं अडतं, दुसरा काही फायदा नाही.

नजर अडली की कारभार अडतो

गावोगावच्या गटांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहते. चोख हिशोब ठेवणारी सचिव पंचेचाळिशीच्या आसपास म्हणते, "आता हे काम दुसरीला द्या." कारण घरच्या कामाचं सांगते. खरं कारण असतं की वहीच्या रेघा दिसत नाहीत. मग वही कुणाच्या तरी मुलाकडे जाते, पासबुक दुसरंच कुणी वाचून दाखवतं. कर्जाच्या कागदावर व्याज, हप्ता, दंड हे सगळं बारीक अक्षरात असतं. बाई ते न वाचता सही करते. सही करायला आपण किती कष्टाने शिकलो! ती डोळे झाकून करायची वेळ चष्म्यावाचून येऊ नये.

मजुरीचंही तेच. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या साडेसातशे मजुरांवर एक अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक मजूर म्हणजे बायाच होत्या. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोड दुसऱ्या निम्म्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. मजूर तेच, मळे तेच. आपल्याकडे कापूस चहासारखा बारकाईने खुडावा लागत नसेल, पण मिरची निवडणं, तुरीची डाळ पाखडणं, पापड-शेवयांचा धंदा, ब्लाऊजची शिलाई ही सगळी जवळच्या नजरेची कामं आहेत.

आधी डोळे दाखवा

बाजारच्या दिवशी गाड्यावर शे-दीडशे रुपयांत तयार चष्मे मिळतात. ते घेऊच नयेत असं मी म्हणणार नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरपा नंबर नसेल आणि डोळ्याला दुसरा आजार नसेल, तर तयार चष्म्यावर वाचन चालतं. पण या तीन गोष्टी गाड्यावर कळत नाहीत. म्हणून पहिल्यांदा तपासणी करायची आणि मगच चष्मा घ्यायचा, तयार असो की करून घेतलेला.

तपासणीसाठी आशाताईंना किंवा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. सरकारी दवाखान्यात डोळे तपासणाऱ्यांना नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणतात. ते कोणत्या वारी, कुठे बसतात हे आधी विचारून निघा, म्हणजे बसभाडं आणि रोज वाया जाणार नाही. पुढच्या तपासणीसाठी परभणीचं जिल्हा रुग्णालय आहे. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. जवळच्या चष्म्याची सोय आहे का, तेही तिथेच विचारा.

चष्म्याच्या दुकानातही मशीनवर नंबर काढून देतात. तो नंबर बरोबर असू शकतो, पण दुकानदार डोळ्याच्या आतला आजार तपासत नाही. चाळिशीनंतर एकदा तरी डोळ्याच्या डॉक्टरांनी आतून डोळा पाहिलेला असावा. तीन आजार चाळिशीच्या आडून येतात.

पहिला मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि धुरातून पाहिल्यासारखं दिसतं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पसरतो. नंबर सारखा बदलतो. कधी कधी उलटंच घडतं. साठीच्या सासूबाई एक दिवस चष्म्याशिवाय सुई ओवतात आणि घरात आनंद होतो की नजर परत आली. ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते, म्हणून तेव्हाही डोळे दाखवायचे. मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघायची आता गरज नाही. कामाला अडचण होऊ लागली की ऑपरेशन करता येतं. ऑपरेशनमध्ये आत नवीन भिंग बसवतात. त्यानंतरही वाचायला चष्मा बहुधा लागतोच. डोळा स्थिरावल्यावर, साधारण महिना-सव्वा महिन्याने, त्याचा नंबर काढतात.

दुसरा काचबिंदू. यात डोळ्याची शीर हळूहळू सुकते. बहुतेक वेळा दुखत नाही, समोरचं दिसत राहतं आणि कडेची नजर जात राहते. गेलेली नजर परत येत नाही, पण औषधाने उरलेली टिकवता येते. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा आणि डोळ्याचा दाब मोजून घ्या.

तिसरं कारण साखर. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून शुगर असलेल्या बाईने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा. साखर वरखाली होत असली तर नंबरही वरखाली होतो. त्यामुळे शुगर आटोक्यात आल्यावरच नंबर काढा, नाहीतर नवा चष्मा महिन्याभरात निकामी होतो.

आणि डोळ्यापुढे अचानक पडदा आला, विजा चमकल्यासारखं झालं, एकाएकी दिसेनासं झालं, किंवा डोळा लाल होऊन जोराने दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्यात मध, कांद्याचा रस, अंगावरचं दूध घालू नका. उरलेले किंवा मेडिकलवरून स्वतःच आणलेले थेंबही नकोत. काही थेंबांत स्टिरॉइड असतं आणि ते जास्त दिवस घातल्याने काचबिंदू होऊ शकतो.

चिठ्ठी आपली आहे

तपासणीनंतर नंबरची चिठ्ठी मागून घ्या. ती तुमच्या हक्काची आहे आणि कोणत्याही दुकानात चालते. चिठ्ठीवर उजव्या आणि डाव्या डोळ्याच्या दोन वेगळ्या ओळी असतात. अधिकची खूण जवळचं दिसत नसेल तेव्हा येते, उण्याची खूण लांबचं दिसत नसेल तेव्हा. नंबर पाव-पावने वाढतो: एक, सव्वा, दीड. 'सिलिंडर' म्हणजे तिरपा नंबर. त्याच्यापुढचा 'ॲक्सिस' हा आकडा तो नंबर कोणत्या कोनात बसवायचा ते सांगतो. 'ॲड' म्हणजे वाचनासाठी वर घातलेला जास्तीचा नंबर. चाळिशीला तो एकच्या आसपास असतो, पन्नाशीला दोनच्या आणि साठीला अडीचच्या जवळ जातो. 'पीडी' म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. चिठ्ठीवर ते नसेल तर दुकानदाराने मोजलंच पाहिजे. ते चुकलं तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं.

चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. चष्मा फुटला तर परत खेटा नको.

दुकानात काय विचारायचं

सगळ्यात आधी आपलं काम सांगा. वाचायचा चष्मा साधारण दीड-दोन वीत अंतरासाठी असतो. शिलाई मशीनवर कापड त्याहून थोडं लांब असतं, भाकरी थापताना परात आणखी लांब असते. शिवणकाम करणाऱ्या बाईने शिवण आणि सुई-दोरा सोबत न्यावा. गटाची वही लिहिणारीने वहीच न्यावी.

जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसत नसेल तर दोन वेगळे चष्मे घेता येतात किंवा वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला बायफोकल घेता येतो. यात कोणताच लहान-मोठा नाही. दिवसभर वही आणि माणसं आलटून पालटून बघायची असतील तर बायफोकल सोयीचा. फक्त शिवायचं असेल तर साधा जवळचा पुरतो आणि स्वस्तही पडतो.

काच प्लॅस्टिकची मागा. ती हलकी असते आणि पडली तर सहसा फुटत नाही. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात. फ्रेम नाकावर आणि कानामागे टोचता कामा नये. खाली वाकून बघा, घसरली तर तिथेच घट्ट करून घ्या. महागड्या लेपांची नावं सांगितली तर शांतपणे विचारा, "याने माझ्या कामात काय फरक पडेल?" नीट उत्तर मिळालं नाही तर साधी काच घ्या.

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलावर बघा. चष्मा हातात आल्यावर दुकानातच पासबुक वाचा, सुई ओवा, चार पावलं चाला. नव्या नंबरला सरावायला आठवडाभर लागतो. त्यानंतरही जमीन तिरकी दिसली किंवा डोकं दुखलं तर चष्मा आणि चिठ्ठी घेऊन परत जा. काच चुकीची बसली असेल तर दुरुस्त करून मागायला लाजू नका.

चष्म्यासोबत राहताना

बायफोकल लावून पायऱ्या उतरताना खालच्या भागातून बघू नका, पायरी हलल्यासारखी वाटते. हनुवटी खाली घ्या आणि वरच्या भागातून बघा. डोक्यावर हंडा असेल तर मान वाकवता येत नाही, तेव्हा पहिले काही दिवस जास्त जपा. फक्त वाचायचा चष्मा लावून चालायला तर जाऊच नका.

पदराने कोरडी काच पुसली की पदरातली धूळच ती खरवडते. आधी पाण्याने धुवा, साबणाचा थेंब लावा, मग मऊ सुती कापडाने टिपा. चष्मा ठेवताना काच वर राहू द्या. डबी नसेल तर जुन्या कापडाची पिशवी शिवा. दोरी लावून गळ्यात ठेवला तर हरवत नाही.

चष्मा लावला तरी उजेड लागतोच. धान्य अंगणात निवडा. रात्री वही लिहायची असेल तर दिवा डोळ्यांसमोर न ठेवता खांद्यामागून उजेड कागदावर पडू द्या. काळा दोरा ओवताना सुईमागे पांढरं कापड धरा, पांढऱ्या दोऱ्याला काळं. सुई ओवायची छोटी चकती कासाराच्या दुकानात मिळते, ती डब्यात असू द्या.

पुढच्या बैठकीत करायचं काम

गटाच्या पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास या कामाला द्या. प्रत्येकीने दीड-दोन वीत अंतरावर पासबुक धरून वाचायचं, आधी उजवा डोळा झाकून, मग डावा. एक डोळा कमजोर असला तर दोन्ही उघडे असताना ते कळतच नाही, म्हणून झाकणं महत्त्वाचं. वाचता येत नसेल त्यांनी ताटलीत मूठभर मूग घेऊन खडे निवडावेत. ज्यांना अडलं त्यांची नावं लिहा, यादी आशाताईंना द्या आणि सगळ्या मिळून एकाच दिवशी तपासणीला जा. चष्म्याच्या पैशांसाठी कुणी अडत असेल तर अंतर्गत कर्जातून छोटी रक्कम द्या आणि तशी नोंद इतिवृत्तात करा.

आणि एक ठराव घ्या: आपल्या गटात कुठलीही बाई स्वतः वाचल्याशिवाय किंवा दुसऱ्या सदस्येने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कागदावर सही किंवा अंगठा करणार नाही. चष्मा यायला उशीर झाला तरी हा ठराव आजपासून पाळता येतो.

बाकी चष्मा घातलेल्या बाईला कुणी म्हातारी म्हटलं तर त्यांच्या हातात सुई-दोरा द्या आणि ओवायला सांगा. नमस्कार.