एका मोगऱ्यापासून दहा मोगरे

पाऊस सुरू झाला की गावोगावी रोपवाले फिरू लागतात आणि आपण मोगऱ्याचं रोप विकत घेतो. खरं तर गल्लीत कुणाच्या तरी दारात जुना मोगरा असतोच. त्याच्या फांदीपासून घरच्या घरी रोप होतं. यालाच छाट कलम म्हणतात. आमच्या गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की प्रश्न बरेच येतात, म्हणून आज तो सविस्तर सांगतो.

मोगऱ्याला सहसा बी धरत नाही, म्हणून रोपं फांदीपासूनच करतात. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला, कारण हवेत ओल असते आणि काडी सुकत नाही. फांदी निवडताना अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनी, जाड, करड्या सालीचीही नको. मधली, पेन्सिलीहून थोडी बारीक, वाकवली तर लवचिक वाटेल अशी घ्या. फांदीला कळ्या असतील तर त्या खुडून टाका.

काडी वीतभर लांब हवी, तिच्यावर तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या अगदी खाली, सरळ द्या. वरचा काप पेराच्या थोडा वर, तिरका द्या. त्यामुळे वरची बाजू कुठली, ते विसरत नाही. काडी उलटी लावली तर ती रुजत नाही. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. काडीला अजून मुळं नाहीत. जास्त पानं ठेवली तर त्यांतून पाणी उडून जातं आणि काडी वाळते.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतील. तळाला चार भोकं पाडा. अर्धी माती आणि अर्धी नदीची जाड वाळू भरा. या वेळी शेणखत घालू नका, कच्च्या खताने काडी कुजते. आधी बोटाने किंवा काटकीने भोक करा, मग दोन पेरं मातीत जातील अशी काडी लावा आणि भोवतालची माती दाबा. पिशव्या सावलीत, पागोळीचं पाणी पडणार नाही अशा जागी ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंधरा-वीस दिवसांत काडीला पालवी फुटते आणि आपण खूश होतो. पण पालवी फुटली म्हणजे मुळं फुटली, असं नाही. काडीत साठलेल्या अन्नावरही पानं येतात. मुळं यायला महिना-दीड महिना लागतो. उपटून बघू नका, नाजूक मुळं तुटतात. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की काडी रुजली असं समजा.

गटाने रोपं विकायची ठरवली, तर हे पक्कं ध्यानात ठेवा. नुसत्या पालवीवर रोप विकलं आणि ते घेणाऱ्या बाईच्या दारात वाळलं, तर ती पुन्हा आपल्याकडे येणार नाही. दहा जणींनी वीस-वीस काड्या लावल्या तर दोनशे होतात. त्यातल्या निम्म्या रुजल्या तरी शंभर रोपं हाताशी येतात. मूळ दिसलेली रोपंच बाजारात न्या.

रुजलेलं रोप मोठ्या कुंडीत लावताना दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू घ्या. आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हात आणा. मोगऱ्याला दिवसातून पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत पानं भरपूर येतात, पण फूल येत नाही.

मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं. म्हणून झाड मोठं झालं की थंडीत पाणी कमी करा, पौषात छाटणी करा आणि मग खत-पाणी द्या. उन्हाळ्यात कळ्या धरतात. गजऱ्यासाठी कळी पहाटे, उमलण्याआधी तोडायची. पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगडकडे शेतकरी मोगऱ्याच्या बागा करतात आणि कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. आपली सुरुवात चार कुंड्यांची असली तरी चालेल. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिलाही अंगणात कुंडी ठेवता येते आणि त्या कळ्यांचे पैसे तिच्या हातात येतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन काड्या आणि एक रिकामी पिशवी आणा. सगळ्या मिळून लावू.