घाट चढण्याआधी

कर्जतला राहायला आलो ते २००८च्या जूनमध्ये. मी लातूरकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि कर्जत स्टेशनपासून दहा मिनिटांवर खोली मिळाली. खोलीत ना गॅस होता ना ओळखीचा शेजार, आणि बाहेर आमच्याकडे वर्षभरात पडत नाही एवढा पाऊस पंधरा दिवसांत कोसळत होता. पहिले सहा महिने दोन्ही वेळचं बाहेरच खाल्लं. मुंबईची माणसं शनिवार-रविवारी इथल्या रिसॉर्टांत येऊन जेवतात, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. मला गोडी लागली ती रस्त्यावरच्या, फलाटावरच्या आणि बाजारातल्या खाण्याची. सतरा-अठरा वर्षं झाली, ती गोडी वाढतच गेली आहे.

सुरुवात अर्थातच वड्यापासून. कर्जत स्टेशन आणि दिवाडकरांचा बटाटेवडा ही जोडी मुंबई-पुणे प्रवास केलेल्या कुणालाही सांगावी लागत नाही. पण हा वडा कर्जतलाच का, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यातच पडला, आणि त्याचं उत्तर मिळालं फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला. पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की तिच्या मागे आणखी इंजिनं येऊन लागतात. रेल्वेची माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर, पण मधल्या बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात, तेव्हा कुठे गाडी पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी करत मंकी हिलला पोचते. लोणावळ्याला बँकर सुटतात.

ते जोडायला काही मिनिटं लागतात आणि त्या मिनिटांत वडा विकला जातो. मी कितीतरी संध्याकाळी निव्वळ हे बघायला फलाटावर उभा राहिलोय. गाडी पुरती थांबायच्या आत विक्रेते डब्यांच्या अंतरानं उभे असतात. कुठल्या डब्याचं दार कुठे येणार हे त्यांच्या पायांना पाठ असतं. खिडकीतून नोट बाहेर येते, पुडकं आत जातं, सुटे पैसे परत जातात. मागे बफर एकमेकांना टेकल्याचा धक्का सगळ्या गाडीतून पुढे सरकत येतो, तो जाणवला की जाणता प्रवासी घाई करतो, कारण आता शिट्टी होणार. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली. तिला स्वतःचा जेवणाचा डबा आहे, तरी तिच्यातली माणसंसुद्धा इथे दारात येऊन वडा घेतात. तो हातात गरम लागतो, वरचं आवरण पातळ असतं, आत बटाट्याच्या फोडी दाताखाली येतात आणि मिरची मागून कळते. माझ्या मते तो गाडी सुटल्यावर, पहिला बोगदा यायच्या आत खावा. आणून घरी खाल्ला तर तोच वडा अर्धा उरतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ती बँकर न लावता घाट चढते. पहिल्यांदा तिला कर्जतहून न थांबता जाताना पाहिलं तेव्हा अभिमानही वाटला आणि पोटात कालवलंही. ज्या दिवशी सगळ्याच गाड्या अशा जातील त्या दिवशी फलाटावरच्या या धावपळीचं काय होईल, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

थोडा इतिहास सांगायलाच हवा. खोपोलीपर्यंत रेल्वे आली १८५६ मध्ये, वरची खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली १८५८ मध्ये, आणि मधला घाट पुरा व्हायला १८६३ उजाडलं. बोगदे पंचवीस, आणि पटकीसारख्या साथींत व अपघातांत गेलेले मजूर हजारोंनी. मधली पाच वर्षं प्रवासी खालीच उतरत आणि पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढत. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी थांबणं आणि चढण्याआधी पोटात काहीतरी घालणं, ही इथली दीडशे वर्षांहून जुनी रीत आहे.

खोपोलीत हीच गोष्ट रस्त्याची. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर घाट लागायच्या आधी रमाकांतचा वडा खायला गाड्या थांबतात. कारखान्यातून सुटल्यावर आम्ही चौघे-पाच जण तिथे उभे असायचो. कर्जतचा वडा चांगला की खोपोलीचा, यावर आमच्यात खरोखरची भांडणं झाली आहेत. मी कर्जतच्या बाजूचा. मी येण्याआधीच, २००२ मध्ये, एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला होता आणि बरीचशी वाहतूक खालापूरच्या टोलनाक्याकडे वळली होती. तिथल्या फूड मॉलवर दोसा, पिझ्झा, मिसळ सगळं मिळतं आणि दमलेल्या माणसाला ते हवंही असतं. पण वालाचं बिरडं मला तिथे कधी दिसलं नाही, आणि खालापूर तालुक्यात थांबून बिरडं न खाता पुढे जाणं मला सहन होत नाही.

ते मी पहिल्यांदा खाल्लं कर्जतच्या बाजारातल्या एका खानावळीत. चार टेबलं, पाटी नाही. पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकरी मागितली. मावशी म्हणाल्या, “ज्वारी नाय इथं, दादा. ही खाऊन बघा, नाय आवडली तर पैसे नका देऊ.” समोर आली तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र आणि पापुद्रा सुटलेली. हा भाताचा मुलूख. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’, ‘कर्जत-१८४’ अशी भाताची वाणं कोकणभर लागतात. मावशी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायच्या, ती गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं मळायच्या आणि पाण्याचा हात लावत भाकरी थापायच्या. ज्वारीच्या भाकरीला वापरतो ते सगळं कसब इथे वेगळ्या रीतीनं लागतं. सोबत बिरडं. भिजवून मोड आणलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, की साल हातात राहते आणि दाणा टुणकन सुटतो. एका माणसापुरते वाल सोलायलाही बराच वेळ जातो. कोकम आणि गूळ घातल्यावरही मागे किंचित कडूपणा राहतो, त्याच्यासाठीच मी ते खातो.

याच वालाच्या ओल्या शेंगांची पोपटी. भात निघाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. खालापूरजवळ एका सहकाऱ्याच्या शेतावर पहिली पोपटी खाल्ली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या अख्ख्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला दाबून भरलेला. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या आणि पेंढा पेटवला. अर्ध्या तासानं सहकाऱ्याच्या वडिलांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडून गेलं. “झाली,” म्हणाले. मडकं उघडल्यावर पाल्याचा जो वास उसळतो, तो दुसऱ्या कुठल्याच पदार्थाला मी अनुभवलेला नाही. आता हॉटेलांच्या पाट्यांवरही पोपटी दिसते. मिळते ते चांगलंच, पण ती शेतात, थंडीत, जाळाभोवती उभं राहून खावी असं माझं ठाम मत आहे.

आणि जूनच्या तोंडाशी शेवळं. पहिल्या सरींबरोबर ठाकूर-कातकरी बाया जंगलातून खुडून आणतात आणि बाजाराच्या कडेला जुड्या मांडून बसतात. जांभळट, टोकदार, कळीसारखी. नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालावी लागतात. दर वर्षी ज्या आजींकडून घेतो त्यांनी यंदाही जुडी हातात देण्याआधी विचारलं, “काकडं हायत का घरी?” नाहीत म्हटल्यावर त्यांनी ओंजळभर काकडं आधी पिशवीत टाकली, मग शेवळं.