मुलुंडकरांचा तालुका कोणता? ऑनलाइन अर्जातले अडणारे रकाने

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मोबाइलवर अर्ज भरताना मुलुंड-घाटकोपरचा रहिवासी 'तालुका' या रकान्यापाशी अडखळतो. 'मुंबई उपनगर' जिल्ह्याचे तालुके तीनच : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. यादीत मुलुंड नाही, घाटकोपरही नाही. बोरिवलीकरांचे त्या मानाने बरे!

१ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईचे शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले. मुलुंड, भांडुप, घाटकोपर हा पट्टा कुर्ला तालुक्यात मोडतो. पण उपनगरात पत्ता सांगतात तो स्टेशनच्या नावाने. तालुका विचारतो कोण? दाखला मात्र तहसीलदार देतात. अंदाजाने 'अंधेरी' निवडले, तर अर्ज भलत्याच कार्यालयाकडे जाऊ शकतो.

तीन पर्यायांसाठी यादीऐवजी तीन गोल बटणे ठेवली, तरी ही अडचण सुटत नाही, कारण मुळात प्रश्नच चुकीचा आहे. पिन कोड बहुतेकांना पाठ असतो. आधी तो विचारला, तर ४०००८० टाकताच 'मुंबई उपनगर, कुर्ला' आपोआप भरता येईल. अर्जदाराने फक्त खात्री करायची.

हा पिन कोडचा रकाना मात्र 'संख्या' प्रकारचा नको. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, ते मजकूर म्हणूनच साठवावेत आणि टाइप करायला अंकांचा कीबोर्ड द्यावा. बँक खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर संख्येच्या रकान्यात ते शून्य गळू शकते. आधारचे १२ आणि मोबाइलचे १० अंकही याच जातकुळीतले. वार्षिक उत्पन्न ही मात्र खरी संख्या.

आयएफएससीची ११ चिन्हे आणखी फसवी. पहिली चार इंग्रजी अक्षरे, पाचवे शून्य. तिथे हमखास 'ओ' टाइप होतो. रकान्याने त्याचे शून्य स्वतःच करून घ्यावे. लाल अक्षरांत 'अवैध' म्हणून ओरडण्यात काय हशील?

जन्मतारखेचा छळ वेगळाच. जून २००९ मध्ये जन्मलेल्या विद्यार्थ्याने जून २०२५ मध्ये अर्ज भरला आणि कॅलेंडर चालू महिन्यावर उघडले, तर एकेक महिना मागे जायला बाण १९२ वेळा दाबावा लागतो. काही कॅलेंडरांत वरच्या वर्षावर बोट ठेवले की वर्षांची यादी उघडते. अडकलात तर ते करून पाहा. त्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष असे तीन सुटे रकाने सोपे. कॅलेंडर शोभते ते पुढची भेटीची वेळ ठरवताना, कारण तिथे वार आणि सुट्टी दिसावी लागते.