करसवलत : कोणासाठी आणि कशासाठी?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबांनी किंवा वडिलांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, नाहीतर डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त नोकरी केलेली असते. त्याच घरातली आजची पिढी मात्र सकाळची लोकल पकडून मुंबईची वाट धरते. इथले कितीतरी कारखाने गेले कुठे, असे विचारले की जागा महागली, संप झाले, मालाला उठाव राहिला नाही, अशी उत्तरे मिळतात. ती खोटी नाहीत. परंतु आणखी एक कारण सहसा कोणी सांगत नाही. ते म्हणजे करसवलत.

सरकारला उद्योगांना मदत करायची तर दोन मार्ग असतात. एक, तिजोरीतून पैसे देणे. दुसरा, येणे असलेला कर सोडून देणे. परिणाम एकच, पण दुसऱ्या मार्गाची फारशी चर्चा होत नाही, कारण तो खर्च डोळ्यांना दिसत नाही.

केंद्र सरकारने 1955 साली आयकरात 'विकास सूट' आणली. ती 1974 मध्ये थांबली आणि 1976 पासून 'गुंतवणूक भत्ता' आला. त्याचा हिशोब सोपा आहे. समजा, एका कारखानदाराने एक लाखाचे यंत्र घेतले. त्यावरचा घसारा त्याला मिळतोच. शिवाय यंत्राच्या किमतीच्या 25 टक्के, म्हणजे 25 हजार रुपये, करपात्र नफ्यातून वजा होत. कराचा दर 50 टक्के धरला तर साडेबारा हजार रुपये कर वाचला. लाखाचे यंत्र साडेसत्त्याऐंशी हजारांना पडले! हा भत्ता 1990 पर्यंत चालला.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ज्याला नफाच नाही, त्याला अशा वजावटीचा तात्काळ उपयोग नाही. आणि स्वस्त झाले ते यंत्र, कामगार नव्हे. ज्या देशात हातांना काम हवे, तिथे ही गोष्ट लहान नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि त्याची सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली. पाठोपाठ साठच्याच दशकात डोंबिवलीचे क्षेत्र उभे राहिले. परंतु सारे उद्योग मुंबईच्या आसपासच दाटू लागले, तेव्हा 1964 मध्ये राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आखली. मागास भागांत उद्योग नेण्याच्या कामासाठी 1966 साली 'सिकॉम' ही संस्था निघाली. पुढे तालुक्यांचे गट पडले. ठाणे, कल्याण हे विकसित, म्हणून 'अ' गटात. जितका तालुका मागास तितकी सवलत अधिक.

या सवलतींत विक्रीकराची सवलत सर्वांत मोहक होती. काही उद्योगांना हा कर माफ होई. काहींनी तो ग्राहकाकडून वसूल करायचा, पण सरकारात मात्र काही वर्षांनी, हप्त्यांनी भरायचा. मधल्या काळात तो पैसा बिनव्याजी भांडवल म्हणून वापरायला मिळे.

मग भिवंडीपलीकडच्या वाडा तालुक्यात कारखाने उभे राहू लागले. हा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. 2014 पासून तो पालघरमध्ये आहे. गुजरातच्या सीमेवरच्या दमण आणि सिल्वासा इथेही अशाच सवलती उद्योगांना ओढत होत्या. राज्याराज्यांत चढाओढ लागली. अखेर नोव्हेंबर 1999 मध्ये, विक्रीकराच्या अशा सवलती जानेवारी 2000 पासून नव्याने देऊ नयेत, असे राज्यांनी ठरवले. तरी स्पर्धा संपली नाही. सवलतींचे रूप तेवढे बदलले. केंद्रानेही 2019 मध्ये नव्या उत्पादक कंपन्यांसाठी 15 टक्के आयकराचा दर जाहीर केला. त्यासाठी 31 मार्च 2024 पर्यंत उत्पादन सुरू होणे आवश्यक होते.

मागास भागाला झुकते माप देणे अन्यायाचे आहे काय? मुळीच नाही. वाड्याच्या मुलालाही घराजवळ काम हवेच. पण ठाण्यातला कारखाना बंद होऊन तोच वाड्यात उघडला, तर तिथे नोकऱ्या आल्या आणि इथल्या गेल्या. एकूण भर किती पडली? पन्नाशीला आलेला डोंबिवलीचा कामगार बिऱ्हाड उचलून यंत्रामागे जाऊ शकत नाही.

म्हणून प्रत्येक सवलतीला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ती नसती तर ही गुंतवणूक झालीच नसती काय? आणि सोडलेल्या करातून किती माणसांना टिकाऊ काम मिळाले? 2006-07 च्या अर्थसंकल्पापासून केंद्र सरकार सोडून दिलेल्या कराचे विवरण संसदेपुढे मांडू लागले, हे चांगले झाले. पण आकडा कळणे निराळे आणि त्याचे फळ मोजणे निराळे.

सोडलेला कर शेवटी इतर करदात्यांना भरून काढावा लागतो, किंवा एखादी शाळा, एखादा दवाखाना तेवढ्याने मागे राहतो. तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'उद्योगांना सवलत' असा मथळा दिसला, तर तो वाणिज्य शाखेचा विषय म्हणून पान उलटू नका. तो आपल्या घरचाही विषय आहे.