लपवलेली शस्त्रं : लेखांक ६
न उघडलेलं पुस्तक

मागच्या लेखांकात आपण गुप्ती पाहिली : हातात साधी काठी, पोटात पातं. तो वाचून बिबवेवाडीच्या एका वाचकांनी विचारलं, ‘पानं कोरून पुस्तकात शस्त्र लपवतात, ते सिनेमातच, की खरंच कोणी केलं होतं?’ केलं होतं. घटना कलकत्त्याची, पण तिचा धागा पुण्यापर्यंत येतो.

१९०७ साली डग्लस किंग्जफर्ड हे कलकत्त्याचे मुख्य मॅजिस्ट्रेट होते. सुशील सेन या पंधरा वर्षांच्या मुलाला त्यांनी फटक्यांची शिक्षा दिली आणि बंगाल संतापला. क्रांतिकारकांनी त्यांना मारायचं ठरवलं. काम आलं हेमचंद्र दास कानूनगो यांच्याकडे. बॉम्बविद्या ते पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून शिकले होते. तिथे त्यांच्याबरोबर एक मराठी तरुणही होता : पारनेरचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट.

हेमचंद्रांनी पुस्तक निवडलं ते हर्बर्ट ब्रूम यांचं, इंग्लंडच्या कायद्यावरचं जाडजूड भाष्य. न्यायाधीशाच्या घरी कायद्याचा ग्रंथ आला, तर संशय कोण घेणार? कडा शाबूत ठेवून मधली पानं कापली, तेव्हा पुस्तकाची पेटी झाली. पोकळीत कॅडबरी कोकोच्या डब्यातला बॉम्ब बसवला. पुस्तक उघडताच स्प्रिंग सुटून स्फोट व्हावा, अशी रचना होती. परेश मलिक या तरुणाने ते पार्सल साहेबांच्या घरी पोचवलं.

किंग्जफर्डना वाटलं, आपण कोणाला तरी वाचायला दिलेलं पुस्तक परत आलंय. त्यांनी ते न उघडताच ठेवून दिलं. मार्च १९०८ मध्ये त्यांची मुजफ्फरपूरला बदली झाली, तेव्हा घरच्या सामानाबरोबर तो बॉम्बही गेला. पोलिसांना त्याचा पत्ता लागला थेट १९०९ मध्ये. आज तो कलकत्त्याच्या पोलीस संग्रहालयात आहे.

मधल्या काळात फार काही घडून गेलं होतं. ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मुजफ्फरपुरात किंग्जफर्ड यांची समजून एका गाडीवर बॉम्ब टाकला. त्यात केनेडी मायलेकींचा जीव गेला. या प्रसंगावर लोकमान्यांनी ‘केसरी’त लिहिलं. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख सरकारने राजद्रोहाचे ठरवले आणि २४ जूनला टिळकांना अटक झाली.

पुण्यातल्या त्यांच्या घराची झडती झाली. हाती लागलं एक कार्ड. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं होती, तेवढीच. तेही पुरावा म्हणून कोर्टात आलं. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं, तर स्फोटक म्हणजे काय ते पाहायला नको का, असा टिळकांचा खुलासा होता. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडाले नशिबी आलं आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं.

ही दोन्ही पुस्तकप्रकरणं मला शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. ज्या ग्रंथात खरोखर बॉम्ब होता, तो वर्षभर साहेबांच्या सामानात निवांत पडून राहिला, कारण पुस्तकावर कोणी संशय घेत नाही हा विश्वास त्यांनाही होता. पुण्यात मात्र पुस्तकांची नुसती नावंही सरकारला संशयास्पद वाटली. वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाचा धाक सत्तेला किती असतो, हे मला त्या बॉम्बपेक्षा या कार्डातून अधिक कळतं. पानं कापली की पुस्तकाची पेटी होते, त्यात एकच वस्तू मावते. पानं जागेवर असली, तर त्यातून काय बाहेर पडेल याचा हिशेब कोणत्याच झडतीला लागत नाही.

पुढच्या आठवड्यात : चोरकप्प्याची पेटी, लंडनहून आलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि नाशिकचं विजयानंद नाट्यगृह.